वजन उतरलं, पण थांबायचं कुठे? एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातल्या बाईंचा उल्लेख मी नुसता 'ताई' असा करते. ओळख पटू नये म्हणून घरचे आणि कामाचे तपशील बदलले आहेत. वजन कसं कमी करावं यावर ढिगाने लिहिलं जातं. कमी झाल्यावर जगायचं कसं, किती खायचं, कुठे थांबायचं, यावर फार थोडं. त्या दुसऱ्या टप्प्यात माणसं एकटी पडतात आणि त्यांचे हाल होतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

ताईंचं वय ३९, उंची १६० सेंटीमीटर, काम बैठं. घरात नवरा, शाळकरी मुलगी आणि सासूबाई. सुरुवातीचं वजन ८४ किलो. गुडघे दुखायचे आणि तपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारा आकडा) ६.२ निघालं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं आणि ताईंनी ते मनावर घेतलं. मोबाइलवरच्या ॲपमध्ये खाल्लेलं सगळं नोंदवायचं, दिवसाला १,२०० कॅलरीच्या वर जायचं नाही आणि रोज चालायचं. पुढे एका गटाबरोबर पळणं सुरू झालं. दहा महिन्यांत वजन ६२ किलोवर आलं, एचबीए१सी ५.४ झालं, गुडघ्यांची तक्रार जवळजवळ थांबली.

ज्या कारणासाठी वजन कमी करायचं होतं ते इथे पूर्ण झालं होतं. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून मनापासून कौतुक केलं आणि पुढची भेट वर्षाने ठेवली. आता किती खायचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि ताईंनी विचारलं नाही. ॲपमधला आकडा तोच राहिला. मग ताईंनी ५८ चं उद्दिष्ट ठेवलं, ते झाल्यावर ५५ चं. त्यानंतर, पुन्हा वाढलंच तर हाताशी थोडी शिल्लक असावी म्हणून आणखी खाली. आहाराच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे आल्या तेव्हा वजन ५४ किलो होतं.

अडचण

पहिल्या भेटीत ताईंची मागणी स्पष्ट होती. "मॅडम, माझा स्वतःवरचा ताबा सुटलाय. शनिवार-रविवारी हात आवरत नाही. मला पहिल्यापेक्षा कडक डाएट द्या."

मी ॲपमधल्या नोंदी पाहायला मागितल्या. सोमवार ते शुक्रवार रोज १,०८० ते १,१८० कॅलरी, अगदी नेटक्या. शनिवार-रविवारच्या जागा कोऱ्या. असे आठ आठवडे सलग. कोऱ्या दिवसांचं विचारल्यावर ताई बराच वेळ गप्प राहिल्या, मग हळूहळू सांगू लागल्या. घर झोपल्यावर त्या स्वयंपाकघरात जात, दिवा न लावता, डबे उघडून उभ्या-उभ्याच खात. सासूबाईंना जाग येऊ नये म्हणून झाकणंसुद्धा ओट्यावर न ठेवता हातातच धरत. पोट दुखेपर्यंत खाणं व्हायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उपाशी राहायचं आणि पळण्याचं अंतर वाढवायचं. उलटी काढणं किंवा जुलाबाची औषधं घेणं, असं काही नव्हतं. हे विचारावंच लागतं, आणि अवघड वाटलं तरी सरळ शब्दांत विचारावं लागतं.

बाकीच्या गोष्टी त्यांनी सहज बोलता बोलता सांगितल्या. चार महिने पाळी आली नव्हती, 'वय झालं असेल' म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. केस मुठीने गळत होते. इतरांना उकडत असताना त्यांना थंडी वाजायची, पहाटे तीनला जाग यायची. वजन सकाळी एकदा आणि रात्री एकदा. सकाळच्या आकड्यावर नाश्ता करायचा की नाही ते ठरायचं. कुणाकडे जेवायचं आमंत्रण आलं की कामाचं निमित्त सांगायचं. आणि भेटणारा प्रत्येक जण म्हणत होता, "किती छान बारीक झालात!"

शरीराची बाजू

ताईंना आपला स्वभाव कमकुवत वाटत होता. मला त्यांच्या नोंदींत उपासमार दिसत होती.

ढोबळ हिशेब असा. त्यांच्या शरीराचं चरबी वगळून वजन साधारण ४० किलो. खाणं १,१५० कॅलरी, त्यातल्या सुमारे ३५० व्यायामात जात. उरल्या ८००, म्हणजे चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे २०. हा आकडा ३० च्या खाली बराच काळ राहिला, तर अनेक स्त्रियांमध्ये मेंदूकडून बीजकोशांना जाणारे संदेश मंदावतात आणि पाळी थांबते. ऑलिंपिक समितीच्या वैद्यकीय तज्ज्ञांनी २०१४ मध्ये खेळाडूंमधल्या या अवस्थेवर सविस्तर निवेदन काढलं. पण ती होण्यासाठी खेळाडू असण्याची गरज नसते. पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटतं आणि त्याचा फटका हाडांना बसतो.

भुकेचंही तसंच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरीचा आहार दिला होता. वर्ष उलटल्यावरही त्यांच्यातली भूक वाढवणारी आणि तृप्ती देणारी संप्रेरकं मूळ पातळीवर आली नव्हती. भूक वाढलेलीच होती. याहून जुना पुरावा मिनेसोटा विद्यापीठातला आहे. १९४४-४५ मध्ये शरीरशास्त्रज्ञ अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांच्या डोक्यात दिवसरात्र अन्नाचेच विचार असत, थंडी वाजे, चिडचिड होई, आणि बंधनं उठल्यावर कितीही खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटत नसे. हे सगळे धडधाकट, स्वेच्छेने आलेले पुरुष होते. मी हे सांगितलं तेव्हा ताईंनी फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे त्यांनाही रात्री जाग यायची?"

पर्याय आणि त्यांची तुलना

काही ठरवण्याआधी तपासण्या झाल्या. पाळी थांबण्याचं कारण कमी खाणंच, हे गृहीत धरून चालत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनी गर्भधारणा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन (वाढलं तर पाळी थांबवू शकणारं संप्रेरक) आणि बीजकोशांचं काम तपासलं. रजोनिवृत्ती जवळ आल्याची खूण नव्हती. लोह कमी निघालं, त्याचं औषध सुरू झालं. हाडांच्या घनतेची तपासणी झाली. ती वयाच्या मानाने कमीकडे झुकलेली, पण मर्यादेच्या आत होती. समुपदेशक बाईंनी दोन भेटींत पाहून सांगितलं की हा पूर्ण खाण्याचा विकार म्हणता येणार नाही, पण वाट तिकडचीच आहे, उशीर करू नका.

पहिला पर्याय ताईंनीच मागितलेला, कडक डाएट. तो आम्ही फेटाळला. बंधन जितकं आवळू तितकी रात्रीची भूक उसळणार होती.

दुसरा घरून आला. कुणीतरी नवऱ्याला भूक मारणाऱ्या इंजेक्शनबद्दल सांगितलं होतं. ताईंचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २१ होता. त्या वजनाला ते औषध देण्याचं कारणच नव्हतं, आणि डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. त्या औषधांचा लठ्ठपणात चांगला उपयोग होतो, त्याविषयी माझं दुमत नाही. पण सेमाग्लुटाइड या अशाच एका औषधाच्या मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. वजन कोणत्याही मार्गाने उतरो, पुढे ते राखायचं कसं हा प्रश्न उभा राहतोच.

तिसरा पर्याय: मोजमाप पूर्ण बंद करून भुकेच्या इशाऱ्यावर खायचं. कल्पना म्हणून ती मला आवडते. पण त्या वेळी ताईंचे भुकेचे इशारे विश्वास ठेवण्यासारखे नव्हते. आठवड्यातले पाच दिवस भूक दाबलेली, दोन दिवस उफाळलेली. त्यात अचानक सगळे आकडे काढून घेतले असते तर त्या घाबरून दोन आठवड्यांत परत १,१०० वर गेल्या असत्या.

चौथा, दर आठवड्याला ५० ते १०० कॅलरी वाढवत अगदी सावकाश वर जाणं. व्यायामशाळांमध्ये हा प्रकार लोकप्रिय आहे आणि ताईंना तोच सुरक्षित वाटत होता, कारण त्यात वजन वाढणार नाही असं त्यांनी ऐकलं होतं. इथे आमची खरी चर्चा झाली. पाळी थांबलेली, हाडांची घनता कमीकडे झुकलेली, दर आठवड्याला रात्रीचं खाणं. इतक्या हळू गेलो असतो तर उपासमारीचे आणखी तीन-चार महिने वाढले असते. शिवाय त्यांचं वजन थोडं वाढायलाच हवं होतं. तसं न वाढण्याचं आश्वासन देणं खोटं ठरलं असतं.

म्हणून पाचवा पर्याय घेतला: एकदम मोठी पायरी, आणि वजन तीन ते सात किलो वाढेल हे आधीच कबूल करणं. एका आकड्याऐवजी ५७ ते ६१ किलो असा पट्टा ठरला. 'सात किलो' ऐकून ताई रडल्या. त्या दिवशी निर्णय घेतला नाही. आठवड्याने त्या स्वतः म्हणाल्या, "करून बघू. नाहीतरी शनिवारी रात्री मी हरतेच."

काय केलं

खाणं १,४५० वर एका दिवसात नेलं, दोन आठवड्यांनी १,६५० वर, आठव्या आठवड्याच्या शेवटी १,८५० वर. पण माझ्या मते आकड्यापेक्षा जेवणाच्या वेळांनी जास्त काम केलं. सकाळी उठल्यावर तासाभरात नाश्ता, वजन काहीही असो. दुपारचं जेवण. चार-पाचच्या सुमारास भरपेट खाणं, कारण रात्रीची भूक तिथेच तयार होत होती. रात्रीचं जेवण घरच्यांबरोबर, तेच ताटात. प्रत्येक वेळी पुरेशी प्रथिनं. दिवसाला साधारण ७० ग्रॅम. आणि एक साधा नियम: काहीही खायचं ते ताटलीत घेऊन, दिव्याच्या उजेडात, बसून. रात्री अकराला खावंसं वाटलं तरी खायचं, पण बसून. या नियमाने खाण्यातली चोरी गेली. समुपदेशक बाईंनीही पुढचं बरंच काम यावरच उभं केलं.

आठवड्याला पाच दिवसांचं पळणं दोनवर आणलं आणि दोन दिवस वजनं उचलण्याचा व्यायाम सुरू केला. जलद उतरलेल्या वजनात स्नायूही गेलेले असतात, आणि स्नायू व हाडं दोन्हींना असा भार लागतो. चालणं तसंच ठेवलं.

वजन किती वेळा करायचं यावर मतभेद झाला. अमेरिकेत रीना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ मध्ये एक नोंदवही सुरू केली, किमान १३.६ किलो वजन उतरवून ते वर्षभर टिकवलेल्या लोकांची त्यात नोंद होते. त्यांच्यातले सुमारे तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून किमान एकदा वजन करतात. ताईंनी हे वाचलं होतं आणि त्यांना रोजचं वजन चालू ठेवायचं होतं. ज्याला आकडा ही नुसती माहिती वाटते त्याला रोजचा काटा चालतो. ताईंचा नाश्ता त्या आकड्यावर ठरत होता. म्हणून बुधवारी सकाळी, आठवड्यातून एकदा. काटा कपाटात.

दहाव्या दिवशीच परीक्षा आली. वजन १.९ किलोने वाढलं. सकाळी सात वाजता फोन: "मॅडम, मी आज काही खाणार नाही." इथे योजना मोडली असती. आम्ही फोनवरच वहीत हिशेब मांडला. १.९ किलो शुद्ध चरबी वाढायला चौदा हजारांहून जास्त कॅलरी गरजेपेक्षा जादा खाव्या लागतात. त्यांनी तेवढं खाल्लं नव्हतं. ग्लायकोजेनचे, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेचे, रिकामे झालेले साठे भरत होते आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. शिवाय आतड्यात अन्न जास्त होतं. ताईंनी नाश्ता केला. पुढच्या तीन आठवड्यांत वजन फक्त अर्ध्या किलोने वाढलं. हे उडी मारणं मी आधी सांगितलं होतं. तरी भीती वाटली. ज्यांना कुणी आधी सांगतच नाही, त्यांतले किती जण त्या सकाळी परत उपासाकडे वळत असतील!

घरातली गाठ

तिसऱ्या महिन्यात रात्रीचं खाणं कमी झालं होतं, पण थांबत नव्हतं. ताईंच्या संमतीने नवरा आणि सासूबाईंना बोलावलं. तेव्हा कळलं की सासूबाईंना सगळं ठाऊक होतं. सुनेला मोह नको म्हणून त्या खाऊचे डबे आपल्या कपाटात ठेवत होत्या. ताईंना ते डबे नाहीसे झालेले दिसत होते आणि आपली लाज घरभर झाली आहे असं वाटत होतं. दोघींनी कित्येक आठवडे त्यावर चकार शब्द काढला नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "मला वाटलं, बोलले तर तुला वाईट वाटेल." डबे ओट्यावर परत आले. दुपारचं खाणं दोघी एकत्र बसून खाऊ लागल्या.

नवऱ्याचं वेगळं होतं. वजन ५८ च्या पुढे गेल्यावर तो सहज म्हणाला होता, "परत वाढतंय का?" काळजीनेच. त्या एका वाक्याने चार दिवस जेवण निम्म्यावर आलं. या घरात आता वजनावर कुणी चांगलं-वाईट काहीच बोलायचं नाही, असं ठरलं. कौतुकही नाही.

सातव्या महिन्यात ताईंची आई आजारी पडली. दवाखान्याच्या फेऱ्यांत जेवणं चुकू लागली, ॲप परत उघडलं गेलं, आणि तीन आठवड्यांत रात्रीचं खाणं परतलं. या वेळी त्यांनी लपवलं नाही, स्वतः फोन केला. त्या काळापुरतं फक्त एकच काम दिलं: चार वेळा खाणं, काय ते बघायचं नाही. व्यायाम पूर्ण बंद. पाचेक आठवड्यांत गाडी रुळावर आली.

निष्पत्ती

पहिल्या भेटीनंतर चौदा महिन्यांनी वजन ५८.५ ते ६०.५ च्या दरम्यान आहे. एचबीए१सी ५.५. गुडघे ठीक. पाळी सहाव्या महिन्यात आली आणि नवव्यापासून नियमित आहे. केस गळणं थांबलं. त्याला वेळ लागतोच, कारण केसांचं चक्र महिन्यांच्या हिशेबाने चालतं. गेल्या चार महिन्यांत रात्रीचं तसं खाणं एकदाच झालं. ॲप काढून टाकलं आहे.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. ५४ किलोच्या वेळचे फोटो पाहून ताईंना अजून हळहळ वाटते. मंगळवारी संध्याकाळी, काट्याच्या आदल्या दिवशी, जेवताना हात आखडतो. आपल्या उंचीच्या, कधीच वजन न वाढलेल्या मैत्रिणीपेक्षा त्यांना भूक जास्त लागते आणि कॅलरी कमी खर्च होतात. हा फरक बहुधा राहील. हे त्यांना स्पष्ट सांगितलं आहे. त्यात त्यांचा काही दोष नाही, हेही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी संधी माझ्याकडे येण्याच्या आधीच, ६२ किलोला होती. वजन उतरवण्याच्या योजनेत थांबण्याची जागा पहिल्याच दिवशी लिहिलेली असावी: कोणत्या पट्ट्यात आलो की थांबायचं, त्यानंतर खाणं किती वाढवायचं आणि त्या काळात किती वेळा भेटायचं. रिपोर्ट चांगले आले की भेटी थांबतात. खरं तर तेव्हा त्या जास्त लागतात. महिन्याला एक भेट असती, तर पाळी चुकली आहे हे दुसऱ्याच महिन्यात कळलं असतं. वजन उतरवणाऱ्या प्रत्येक स्त्रीला दर भेटीत पाळीबद्दल विचारावं, असा माझा आग्रह आहे.

घरच्यांना पहिल्या महिन्यातच बोलावणं शक्य होतं. ताई तेव्हा तयार नव्हत्या, त्यामुळे जबरदस्ती करणं चुकीचं ठरलं असतं. पण सासूबाईंशी फक्त त्यांनी दोन शब्द बोलावेत, एवढं सुचवता आलं असतं.

पळणं पाचवरून दोनवर आणताना मैत्रिणींचा गटही तुटला, ही बाजू योजनेत नव्हती. पहिले दोन महिने ताई त्यामुळे फार उदास होत्या. गटाबरोबर जायचं, पण तिथे चालायचं किंवा पळून आलेल्यांबरोबर नाश्ता करायचा, अशी सोय पुढे निघाली. ती पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

आणि पट्ट्याची वरची मर्यादा. ६१ हा आकडा लवकरच नवा धाक होऊन बसला. ६०.८ आलं तरी ताई अस्वस्थ. एका बुधवारचा आकडा न धरता चार आठवड्यांची सरासरी धरायची, हे आता ठरलं आहे. सरासरी ६२ च्या वर गेली तर काय करायचं, हे ताईंनी स्वतः वहीत लिहून ठेवलं आहे: आधी झोप पाहायची, मग चुकलेली जेवणं मोजायची, मग मला फोन. नाश्ता कोणत्याही परिस्थितीत सोडायचा नाही. पुढचं वर्षभर भेटी दर तीन महिन्यांनी आहेत, आणि हाडांची तपासणी त्या वर्षाच्या शेवटी पुन्हा होईल.